पाणी संस्थेच्या प्रकल्प नोंदी : मीटर, वॉल आणि उलटी पाळी

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

कामाची नोंद रोजच्या रोज ठेवायची असं संचालक मंडळात ठरलं आणि मी सचिव म्हणून लिहायचं माझ्याकडं आलं. इतिवृत्ताची भाषा कुणी वाचत नाही, म्हणून बोलतो तसंच लिहिते, सभासदापैकी कुणालाही वही उघडून बघता आलं पाहिजे.

आधी परिस्थिती. आपली संस्था म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांची पिण्याच्या पाण्याची सहकारी संस्था, ११२ सभासद, माणसं धरली तर साडेपाचशेच्या वर. सीनेकाठी एक विहीर, साडेसात एचपीची मोटार, पन्नास हजार लिटरची टाकी, आणि टाकीपासनं आधी गावठाण, मग ओढ्याची वस्ती, शेवटी माळावरची वस्ती अशी एकच लाइन. विहिरीचं पाणी सीनेच्या जिवावर आणि उन्हाळ्यात सीना उजनी धरणाच्या जिवावर. भीमा-सीना जोडकालव्याच्या बोगद्यातनं पाणी सुटलं की आपला बंधारा भरतो, बंधारा भरला की विहिरीला पाझर लागतो. यंदा उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच थांबली आणि जानेवारीतच मायनसमध्ये गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यावर आली. ऑक्टोबरअखेर दुष्काळ जाहीर झाला त्या पहिल्या यादीत जिल्ह्यातले बार्शी, माढा, करमाळा, सांगोला, माळशिरस हे पाच तालुके आहेत, आपला नाही. म्हणजे आहे त्या पाण्यातच उन्हाळा काढायचाय.

विहिरीत आज चार परस, म्हणजे चार पुरुष खोल पाणी आहे. पोचतंय किती आणि जातंय कुठं हे आज कुणालाच सांगता येत नाही. माळावर मात्र चार दिवसातनं एकदा नळाला धार येते, तीही करंगळीएवढी.

मंडळाचा प्रस्ताव असा की टाकीच्या तोंडाला मोठं मीटर, प्रत्येक घराला छोटं मीटर, आणि प्रत्येक वस्तीला स्वतंत्र वॉल, म्हणजे पाणी सोडायचा-बंद करायचा व्हॉल्व्ह.

११ फेब्रुवारी, रविवार

विशेष सर्वसाधारण सभा. कोरम झाला नाही म्हणून नियमाप्रमाणं अर्ध्या तासानं तहकूब सभा तिथंच सुरू केली, तोवर मारुतीच्या पारावरचे सगळे येऊन बसले.

मीटरला विरोध होणार हे माहीतच होतं. गावठाणातले तात्या उठले, म्हणाले, "सूनबाई, हीर आपली, मोटार आपली, लाइन आपली, मग मोजायचं कुणासाठी? मीटर बसवणं म्हंजे सभासदावर संशय घेणं झालं." टाळ्या पडल्या. मग माळावरच्या आक्का उभ्या राहिल्या, त्या सभेत कधी बोलत नाहीत. "तात्या, तुमच्या दारात नळ सोडला की बादली उलटती. मी पहाटं चारला घागर लावून बसती, ती भरंस्तोवर उजाडतंय. शेअर तुमचा पाचशेचा, माझाबी पाचशेचाच हाय. मग पाणी कमीजास्त का? कुणाच्या घरात किती गेलं ते एकदा कळू तर द्या."

यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मला वाटतं सभा तिथंच फिरली. सहकारात शेअर कितीही असो, मत एकच, आणि हात वर केले तेव्हा गावठाणातल्या बायकांनीपण मीटरच्या बाजूनं केले हे मुद्दाम लिहून ठेवते.

ठराव मंजूर. मीटर, पेटी, फिटिंग मिळून घरटी बाराशेच्या आसपास, तीन हप्त्यात. ज्यांना जमत नाही त्यांचं राखीव निधीतनं आधी भरायचं, मग वसूल करायचं.

२५ फेब्रुवारी

टाकीच्या तोंडाला मोठं मीटर बसलं. प्लंबर वळणाच्या लगेच पुढं बसवायला निघाला होता, तिथं खोदाई कमी लागते म्हणून, पण वॉलमन मामांनी अडवलं. मीटरच्या आधी पाइपाच्या जाडीच्या दहापट तरी सरळ पाइप लागतो, नाहीतर वळणावरनं पाणी भोवऱ्यासारखं येतं आणि आकडा खोटा पडतो. आपला पाइप ९० एमएमचा, म्हणजे जवळपास मीटरभर सरळ. खड्डा लांबवला, वेळ गेला पण नीट झालं. वर काँक्रीटची पेटी आणि कुलूप.

३ मार्च, रविवार

आजची नोंद लांब होणार आहे.

रात्री अकराला सगळ्या सभासदांना नळ बंद करायला सांगितले, पोरं मोटारसायकलवर फिरून घरोघर सांगून आली. सगळे नळ बंद म्हणजे टाकीच्या मीटरचा काटा थांबला पाहिजे. नाही थांबला. मामांनी मोबाइलचा टॉर्च धरला, मी घड्याळ धरलं, मिनिटाला बारा-साडेबारा लिटर चाललेलं. चोवीस तासांचा साधा हिशोब केला तर दिवसाला अठरा हजार लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचा आकडा धरतात, त्या मापानं सव्वातीनशे माणसांचं पाणी, रोज, कुणाच्याही घरात न जाता जमिनीत.

मग एकेक वॉल बंद करत गेलो. माळाचा बंद केला, काट्याला फरक नाही. ओढ्याच्या वस्तीचा बंद केला आणि काटा एकदम तीन लिटरवर आला. म्हणजे गळती ओढ्याच्या वॉलपासनं पुढं आणि माळाच्या वॉलच्या अलीकडं, त्या अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यात. पण वरनं काहीच दिसेना, चिखल नाही, ओल नाही. काळ्या रानात हीच अडचण, उन्हाळ्यात भेगा पडतात त्या हातभर खोल जातात, फुटलेलं पाणी वर येतच नाही, भेगेतनं खाली निघून जातं.

मामांनी पहार आणली. ओढा सुरू व्हायच्या अलीकडनं दर दहा-पंधरा पावलांवर पहार जमिनीत रोवायची आणि दांड्याला कान लावायचा. मलाही लावायला दिला. आधी काहीच कळत नाही, नुसतं आपलं रक्त ऐकू येतं, मग बोरीच्या झाडाजवळ बारीक सूं असा आवाज आला, पुढच्या ठिकाणी मोठा, त्याच्या पुढं परत बारीक. मामा म्हणाले "हितंच". रात्री दीडला खूण म्हणून दगड ठेवला.

सकाळी खणलं. कंबरेएवढ्या खड्ड्यात सांधा सापडला, फुटलेला नाही, निसटलेला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाइपाला ओढते. ज्यांनी पहिली लाइन टाकली त्या ठेकेदारानं पाइप थेट काळ्या मातीत टाकलाय, खाली वर मुरमाचा थर नाही, आणि सगळे सांधे सोल्युशननं चिकटवलेले, म्हणजे हलायला जागाच नाही. अशा जमिनीत रबर रिंगचा सांधा पाहिजे, तो दोन बोटं मागंपुढं झाला तरी गळत नाही. तिथला सहा मीटरचा तुकडा बदलला, रिंगचे सांधे घातले, खाली वीतभर मुरूम, बाजूला मुरूम, वर मुरूम, मग माती. संध्याकाळी परत तपासणी, मिनिटाला तीन लिटर. राहिलेलं तीन लिटर घराघराच्या जोडणीतलं आहे, ते मीटर बसवताना निघेल.

खोदाईला पगारी माणूस नव्हता. तात्यांचा धाकटा मुलगा दुपारभर खड्ड्यात होता.

१९ मार्च

मीटरं आली. ओढ्याच्या वस्तीपासनं सुरुवात. जुनी फेरूलं (मोठ्या पाइपातनं घराला पाणी घ्यायच्या तोट्या) काढली त्यातली बरीच सॅडलशिवाय, म्हणजे पाइपाभोवती आवळायच्या पट्ट्याशिवाय, पाइपाला नुसतं भोक पाडून बसवलेली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी. प्रत्येक ठिकाणी सॅडल घालूनच पुढं जायचं, वेळ लागला तरी.

३० मार्च, शनिवार

सगळी मीटरं बसली. पहिल्या आठवड्याचं रीडिंग फळ्यावर लावायचं ठरलंय, नावासकट. यावर मंडळात वाद झाला, काहींचं म्हणणं नाव नको, नुसता मीटर नंबर लावा. मी नावाच्या बाजूनं होते आणि अजून आहे. पाणी सामाईक आहे तर वापर झाकून ठेवण्यात काय अर्थ?

आज एक अप्रिय काम केलं, नळाला थेट जोडलेल्या मोटारी काढल्या. अर्धा एचपीची मोटार नळाला लावली की पुढच्या घरांची धार तुटते हे सगळ्यांना माहीत आहे, पण दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. मोटार ओढायला लागली की लाइनमधला दाब उलटा होतो आणि जिथं सांधा सैल आहे तिथनं बाहेरची घाण आत ओढली जाते. गटाराशेजारनं आपली लाइन गेलीय. हे मी प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, ओटी टेस्टची बाटली घेऊन. टाकीजवळ थेंब टाकला की पाणी पिवळं होतं म्हणजे क्लोरीन आहे, आणि माळावरच्या शाळेच्या नळाला तेच थेंब टाकले तर पाणी पांढरंच राहतं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आपण बरोबर टाकतोय, हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे भरल्या टाकीला पाव किलो, पण ते वाटेत संपतंय. शाळेत पोरं तेच पितात. हे दाखवल्यावर बऱ्याच जणांनी मोटार स्वतः काढून दिली. दंड लावला नाही, लावायची गरज पडली नाही.

९ एप्रिल, गुढीपाडवा

आजपासनं उलटी पाळी. आतापर्यंत वॉल एकदा उघडला की सगळ्यांना एकदम, त्यामुळं आधी गावठाण भरायचं, मग ओढा, राहिलं तर माळ. आता प्रत्येक वस्तीचा वॉल वेगळा, पहिल्यांदा गावठाण आणि ओढा बंद, फक्त माळ, दोन तास. मग ओढा. शेवटी गावठाण, कारण टाकीच्या पायथ्याला असल्यानं टाकीत पाणी थोडं उरलं तरी त्यांना मिळतंच.

हे का करावं लागतं ते सगळ्यांना कळावं म्हणून डंपी लेव्हल (जमिनीची उंची मोजायची दुर्बीण) लावून बघितलं होतं. टाकीचा तळ जमिनीपासनं बारा मीटर वर. माळावरची जमीन टाकीच्या जमिनीपेक्षा आठ मीटर उंच. म्हणजे माळावरच्या नळाला फक्त चार मीटरची उंची शिल्लक राहते. दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर, तर चार मीटरला जेमतेम ०.४ किलो, आणि तेवढंही कधी, तर लाइनमध्ये दुसरा कुणी नळ चालू नसेल तर. खाली चाळीस नळ उघडे असतील तर वर काय येणार?

सकाळी सहाला मामांनी माळाचा वॉल उघडला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, पाणी येईना. आक्का, शेजारच्या काकू, सगळ्या घागरी घेऊन उभ्या. मीटर तर सांगतंय पाणी सुटलंय. मग मामांच्या लक्षात आलं, ओढा ओलांडून लाइन एका उंचवट्यावरनं जाते, तिथं हवा कोंडली असणार, लाइन रोज रिकामी होऊन भरते तेव्हा सगळी हवा त्या टेकाडावर जाऊन बसते. तिथं एअर वॉल आहे पण त्यातला चेंडू क्षार साचून चिकटलेला. खोलला, फडक्यानं पुसला, परत बसवला आणि एवढा मोठा फुसकारा निघाला की कडेची शेळी दावं तोडून पळाली. पाच मिनिटात शेवटच्या नळाला पाणी. बादली भरायला लागलेला वेळ घड्याळावर लावला, पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात.

आक्कांनी पहिली घागर गुढीपुढं नेऊन ठेवली. मामांना पुरणपोळीचं आमंत्रण चार घरनं.

शाळेच्या नळाला आज ओटी टेस्ट पिवळी आली.

७ मे

लोकसभेचं मतदान, मजूर नाही, काम बंद. विहीर दीड परसावर. उजनी मायनस चाळीसच्याही खाली गेल्याचं रोज पेपरात येतंय, सीनेचा बंधारा कोरडा आहे.

२० मे, सोमवार

सगळ्यात अवघड दिवस चाललेत. मोटार सलग दोन तास चालायची ती आता पाऊण तासात विहीर उपसते, मग चार तास पाझर भरायची वाट बघायची. रात्रीपण उपसा करावा लागतोय, मामा आणि दोन पोरं पाळीनं विहिरीवर झोपतात, मोटार कोरडी चालली तर जळायला वेळ लागत नाही.

मंडळात वाटपाचा प्रश्न आला. एक मत असं की घरटी सारखं द्यावं, सोपं पडतं. मी विरोध केला. तीन माणसांच्या घराला आणि नऊ माणसांच्या घराला सारखं पाणी ही समानता नाही. ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली, तिथं पाणी जमिनीच्या हिशोबानं न देता माणशी दिलं, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. ते शेतीचं पाणी होतं, आपलं पिण्याचं आहे, पण पाण्याचा हक्क माणसावर असतो हे तत्त्व इथं तर जास्तच लागू पडतं. रेशनकार्डावरची माणसं मोजून माणशी ४० लिटर ठरलं, पाऊस पडेपर्यंत. मीटर नसतं तर हा ठराव कागदावरच राहिला असता, कारण कुणी किती घेतलं हे सांगणार कोण?

गुरांचं वेगळं. दुधाची गाय उन्हाळ्यात सत्तर-ऐंशी लिटर सहज पिते, म्हणजे दोन माणसांचं पाणी, आणि दुधाचा पैसा घरात येतो तो गाईमुळं, तिला तहानेली ठेवून कसं चालेल. शाळेमागच्या बोअरचं पाणी मचूळ आहे, माणसाला पिण्यासारखं नाही पण गुरं पितात. तिथं सिमेंटचा हौद बांधला, त्यावरही मीटर. सकाळ-संध्याकाळ गुरं तिकडं न्यायची. तात्यांनी हौदासाठी वाळू आणि दोन दिवस ट्रॅक्टर दिला.

फळ्यावरच्या नावांचा परिणाम दिसतोय. पहिल्या आठवड्यात जे सगळ्यात वर होते त्यांचा वापर निम्म्यावर आला. एका घरी मात्र वापर कमी होईना, बाई रडकुंडीला आल्या होत्या, जाऊन बघितलं तर संडासच्या टाकीचा बॉल कॉक गळत होता, शंभर रुपयाचा पार्ट. त्यांना वाईट वाटायला नको म्हणून फळ्यावर त्यांच्या नावापुढं "गळती, दुरुस्त" असं लिहिलं.

१२ जून

पाऊस. सलग चार दिवस चांगला झाला, भेगा बुजल्या. ओढा वाहिला, विहिरीत गढूळ पाणी उतरलं म्हणून दोन दिवस उपसा बंद ठेवून गाळ बसू दिला, मग टीसीएलचा डोस वाढवला आणि तिन्ही वस्त्यांच्या शेवटच्या नळाचे नमुने तपासणीला पाठवले. पहिल्या पावसात जुलाब होतात ते याच दिवसात, इथं घाई करून चालत नाही.

माती फुगताना सांधे परत हलतील या भीतीनं रात्रीची तपासणी केली. मिनिटाला एक लिटरच्या आत. रिंगचे सांधे टिकले.

२९ जुलै

उजनी मायनसमधनं बाहेर आली. माणशी ४० लिटरची मर्यादा उठवली. पाळी उलटीच ठेवलीय.

१ सप्टेंबर, रविवार

वार्षिक सर्वसाधारण सभा, कायद्यानं ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, गणपतीच्या आधी उरकली. आज तहकूब करावी लागली नाही.

हिशोब फळ्यावर मांडला. आधी टाकीतनं दिवसाला ४६ हजार लिटर सुटायचं, आता ३३ हजारात भागतंय आणि माळावर रोज पाणी आहे. मोटार तासाला साधारण वीस हजार लिटर उचलते, म्हणजे रोजचा अर्ध्या तासाच्या वर उपसा वाचला आणि तेवढं लाइटबिल.

दर ठरले. महिना ८० रुपये, त्यात ८ युनिट, एक युनिट म्हणजे हजार लिटर. पाच माणसांचं कुटुंब, ५५ लिटरनं महिन्याला सव्वाआठ हजार लिटर होतात, त्यावरनं हा आकडा धरला. त्याच्या पुढं युनिटला १५ रुपये, पंधरा युनिटच्या पुढं ३०. पाचापेक्षा जास्त माणसं असलेल्या घराला रेशनकार्ड दाखवून माणशी दीड युनिट ठरीव रकमेतच वाढवून मिळेल.

मग पाळीचा विषय. गावठाणातनं मागणी आली की आता विहीर भरलीय तर आधीसारखं एकदम सोडा. मी म्हणलं, विहीर भरली पण माळाची उंची काही कमी झाली नाही, आठ मीटर होती तेवढीच आहे. सिंचनाच्या पाणी वापर संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे, त्यात लाभक्षेत्राच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ तिन्ही भागातनं संचालक घ्यावे लागतात, ते याच कारणानं, शेवटच्या माणसाचा आवाज मंडळात नसला की वरचे लोक पाळी बदलतात. आपली संस्था त्या कायद्याखाली येत नाही, पण आपल्यालाही पोटनियमात ते घालता येतं. मतदान झालं. उलटी पाळी कायम, आणि माळावरनं किमान दोन संचालक अशी पोटनियम दुरुस्ती मंजूर, मंजुरीसाठी निबंधक कार्यालयात पाठवायची. सूचक आक्का, अनुमोदक तात्या.

गुरांचा दर ठरला नाही. काही जण म्हणतात बोअरचं पाणी फुकट ठेवा, पण त्या बोअरलाही लाइट लागतेच आणि ज्यांच्याकडं गुरं नाहीत त्यांनी ते बिल का भरायचं हा प्रश्न रास्त आहे. दुसरीकडं एकच शेळी असलेल्या म्हातारीला आणि बारा गाईंच्या गोठ्याला एक दर कसा लावणार. तिघांची समिती नेमली, त्यात दूध घालणाऱ्या दोघी आहेत. हौदाच्या मीटरचं रीडिंग उद्यापासनं रोज संध्याकाळी, कुणाची किती गुरं आली तेही बाजूला लिहायचं, दिवाळीपर्यंतचे आकडे घेऊन मग दर मंडळापुढं.